वरच्या झऱ्याचे मासे

संग्रहालयातल्या मासेवाल्या सरांना मागून सगळे 'गोळाबेरीज' म्हणत. दुसऱ्या कुणी चार वेगवेगळ्या प्रजाती म्हणून ठेवलेल्या बाटल्या सर टेबलावर ओढत, खवले मोजत, पंख ताणून बघत आणि चौघांना एकाच नावाच्या गाठोड्यात बांधून मोकळे होत. यादीतून नावं खोडली की त्यांना जेवण गोड लागायचं. त्यांच्याच हाताखाली शिकलेली आणि आता शेजारच्या टेबलावर बसणारी बाई मात्र नेमकी उलट्या डोक्याची. तिला जिथे तिथे दोन दिसायचे. तिचं नाव पडलं होतं 'वाटणीवाली'. हे नाव लोक तिच्या तोंडावर घेत, कारण ती ते हसण्यावारी नेत असे. सरांच्या तोंडावर त्यांचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती.

दोघांचं जुनं भांडण एका बोटभर माशावरून होतं. डोंगरातला एक ओढा कधीकाळी दरड कोसळून तुटला. वर एक झरा उरला, खाली एक डोह. वरचे मासे वर अडकले, खालचे खाली. वाटणीवाली म्हणे, ही ताटातूट इतकी जुनी की भावाभावांची घरं आता एकमेकांना परकी झाली आहेत. विणीच्या दिवसांत वरच्या नराच्या अंगावर काळा पट्टा चढतो, खालच्याच्या अंगावर पिवळा, आणि माद्यांना आपापल्याच पट्ट्याचा नवरा लागतो. म्हणजे एका आजोबांच्या दोन प्रजाती झाल्या. सर म्हणत, पट्ट्याचं काय घेऊन बसलीस, सख्ख्या भावांची तरी तोंडं कुठे सारखी असतात? भेटू देत, सुखाने नांदतील.

झरा राखायचा की नाही हा प्रश्न सरकारी समितीपुढे गेला तेव्हा सरांचा शब्द चालला. प्रजाती एकच ठरली, ती डोहात भरपूर होती, म्हणून झरा राखायचं कुणाला कारण उरलं नाही. पुढे झऱ्यावर पंप बसला आणि झरा आटला. त्याआधी वाटणीवालीने थोडे मासे उचलून आणले होते. वरचे मासे आता जगात उरले होते ते तिच्या एका काचेच्या टाकीत.

अशात तिची आई न्हाणीघरात पडली, मांडीचं हाड मोडलं आणि तिला रजा घेऊन घरी जावं लागलं. जाताना तिने ती टाकी आणि शेजारची डोहातल्या माशांची टाकी सरांच्या हवाली केली. भांडण आपल्या जागी, पण मासे सांभाळायला सरांसारखं माणूस नाही, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली.

त्याच आठवड्यात एका सकाळी सर येऊन बघतात तो वरच्यांच्या टाकीचा सांधा सुटलेला, खोलीभर पाणी आणि मासे तळाशी तडफडतायत. सरांनी जाळी घेतली आणि सगळे मासे शेजारच्या टाकीत, खालच्यांमध्ये सोडले. कोपऱ्यात रिकामी बादली होती. ती त्यांना दिसलीही. पण एकाच प्रजातीच्या माशांना बादली कशाला, हे त्यांच्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं.

दुपारी ते टाकीपुढे बसले. एका टाकीत दोन घरं झाली होती. वरचे डावीकडे, खालचे उजवीकडे. काळ्या पट्ट्याचा नर खालच्या मादीपुढे अंग मोडून नाचत होता आणि ती त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. पिवळ्याला वरच्या माद्या जवळ उभं करत नव्हत्या. पोरीचं बरोबर होतं. सर्वांदेखत खोटी पाडलेली पोर पहिल्यापासून बरोबर होती.

तेव्हाच वेगळे करता आले असते, आपणहून वेगळेच तर उभे होते. सरांनी जाळी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. निरीक्षण करायला हवं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. थांबलं तर कदाचित मिसळतील, आणि मिसळले तर आपलं म्हणणं राहील.

ते रोज येऊन बघत राहिले. वरचे नर आधीच मोजके आणि म्हातारे, ते एकेक करत मेले. अखेर एका वरच्या मादीने पिवळ्याला जवळ येऊ दिलं. मग दुसरीने, मग बाकीच्यांनीही. "बघ," असं सर रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले, आणि लगेच त्यांना स्वतःची शिसारी आली. हा मासा अंडी घालत नाही, पिल्लं घालतो. मादी नराचं बीज महिनोन् महिने पोटात बाळगते. आता माद्या बाजूला काढूनही काही उपयोग नव्हता.

घरी त्यांना अन्न गोड लागेना. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी टाकी गळल्याचं सांगितलं. ती म्हणाली, मग तेवढंच सांगा की तिला, त्यात खोटं काय आहे?

वाटणीवाली परतली ती थेट टाकीपाशी गेली. सरांनी टाकी गळल्याचं सांगितलं. तिने हं केलं, बादली ओढली आणि एकेक मासा जाळीत धरून वेगळा करायला घेतला. नुसत्या चालीवरून ती ओळखत होती. सरांना मात्र कोण कुठल्या बाजूला उभं आहे यावरूनच ओळखावं लागलं होतं.

"काल फुटली का?" हात न थांबवता तिने विचारलं. "एकदोन दिवसांत काही होत नाही. आपणहून लांब राहिले असतील."

हो म्हणणं किती सोपं होतं. ती पिल्लं वाढवेल, त्यांना वरची समजेल, तसं छापेल, आणि पुढची माणसं तिच्या शब्दावर विसंबतील.

"तू गेलीस त्याच आठवड्यात," सर म्हणाले. "लांबच राहिले होते. मी बघितलं. तुझं बरोबर होतं. मी मुद्दाम थांबलो."

"कशासाठी?"

"मिसळतात का बघायला. मिसळावेत म्हणून."

तिने जाळी बादलीच्या कडेला टेकवली. सरांना माफी मागायची होती, पण कुठल्या तोंडाने मागणार? मग तिने राहिलेले मासे वेगळे केले, हात पुसले आणि पिल्लं होईपर्यंत थांबू, एवढंच म्हणाली.

पिल्लं झाली, वाढली. पोरगे वयात आले तसे त्यांच्या अंगावर पट्टे चढू लागले. एकाचाही निखळ काळा नव्हता. सगळे मळकट, मातकट, मधल्याच रंगाचे. खालच्या माद्यांपुढे ते नाचले आणि माद्यांनी त्यांना जवळ केलं.

तिने सरांना बोलावून दाखवलं.

"आता एकच प्रजाती आहे, सर," ती म्हणाली. "तुमचं खरं झालं."

रागाने बोलली असती तर सरांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. पण तिने ते नुसतं सांगितलं, त्यांनीच तिला शिकवलं होतं तसं, जे दिसलं तेवढंच.