सगळ्यांत मजबूत चाक

मी मागचं चाक बोलतोय. पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. ज्या खोलीत माझं आयुष्य गेलं तिच्या भिंती मला कधी फिकट निळ्या आठवतात, कधी पांढऱ्या. माणसांची वाक्यं आठवतात, पण ती त्यांनी तशीच उच्चारली होती, की इतकी वर्षं मनात घोळवून मीच त्यांना धार लावली, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. चाकाने छातीठोक बोलूही नये म्हणा.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची पट्टी गोल वळवली, टोकाला टोक जोडलं, मधोमध हब, म्हणजे आसाभोवतीचा गाभा, धरला आणि जाड तारांनी मला ताणून बांधलं. ओझं वाहणाऱ्या सायकलींसाठी आम्हाला बनवत. तिथून मी एका सायकलच्या दुकानात येऊन आकड्याला लटकलो. त्या दुकानातल्या मेस्त्रीला बोलायची भारी हौस.

एका सकाळी तिथे एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ आले. सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळा गाव त्यांना सर म्हणायचा. सोबत त्यांची मुलगी होती.

सरांनी मला खाली उतरवून घेतलं, फिरवलं, एक डोळा मिटून पाहिलं, प्रत्येक तार नखाने छेडून ऐकली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"सर, या चाकावर तुम्ही बसा, ताईला बसवा, वर मलाही घ्या. काही होणार नाही," मेस्त्री म्हणाला.

"होणार नाही, हे कशावरून?"

"आता कशावरून म्हणजे? चाक आहे सर, जावई नाही. एवढी चौकशी मी लेकीचं लग्न ठरवतानासुद्धा केली नव्हती."

मुलगी खळखळून हसली. सर हसले नाहीत. पण त्यांनी मला निवडलं. माझ्याआधी कित्येक चाकं त्यांनी नापास केली होती हे मला मागाहून कळलं, आणि कबूल करतो, मला अभिमान वाटला.

मी कशासाठी निवडला गेलो ते सांगतो. मुलगी कृत्रिम पाय बनवण्याचं काम शिकली होती. तुटलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून नवा पाय घडवायचा, माणसाला त्यावर उभं करायचं. टेकडीपलीकडच्या कार्यशाळेत तिला जागा मिळाली होती. तिथल्या मॅडमनी तिचं काम पाहून ती राखून ठेवली होती. अडचण जाण्यायेण्याची. सकाळी बस होती, संध्याकाळी काम सुटायच्या आत शेवटची बस निघून जायची. मग तिच्या मामाने एक लहानसं पेट्रोल इंजिन आणून दिलं. तिच्या साध्या सायकलला ते बसवायचं, की झालं.

"झालं कसं?" सर म्हणाले. "माणूस पायडल मारतो तेव्हा चाकाला अधूनमधून दम खायला मिळतो. इंजिन दम खाऊ देत नाही. सारखी ओढ, सारखे हादरे. त्यात टेकडीचा उतार. ही सायकलची चाकं टिकायची नाहीत."

"रस्ता चांगला आहे बाबा. मी पाहिलाय."

"बसमधून पाहिलास. बसच्या खिडकीतून सगळेच रस्ते चांगले दिसतात."

 मला ते पटलं. सरांचं सगळंच पटायचं. इतक्या व्यवस्थित भाषेत बोलणारा माणूस चुकत असेल, असं मनात येत नसे.

बाहेरची खोली म्हणजे कारखानाच झाला. जेवणाच्या टेबलावर पाने आणि पकडी. जेवायचं ताट मांडीवर. सरांनी मला दोन खुर्च्यांच्या मध्ये अडकवलं आणि माझ्यावर वाळूची पोती टांगली. मी तसूभर वाकलो नाही. मुलगी आनंदाने म्हणाली, "झालं ना बाबा आता?"

"ही नुसती उभी ताकद झाली. इंजिनची ओढ वेगळी."

इंजिनबरोबर एक दातेरी चकती आली होती, चेन अडकवायला. ती रबराच्या तुकड्यांमध्ये दाबून चाकाच्या तारांवरच आवळायची पद्धत. सरांना ते बघवेना. तारांचं काम रिम धरून ठेवायचं, इंजिनची ओढ सोसायचं नाही; चकती हबवर बसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एक पोलादी कडं कातून घ्यायला हवं. कातारीने कडं दिलं, ते केसभर सैल निघालं. दुसरं दिलं, ते बसलं, तर सरांना त्याचा पत्रा पातळ वाटला. मग तिसरं.

त्यातली कुठलीच गोष्ट चूक नव्हती, हे मला आजही म्हणावं लागतं. त्यामुळे तर राग धरायचा तरी कुठे, हे कळत नाही.

मॅडमचा फोन यायचा. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलायची. "हो मॅडम, येतेच आहे. चाकाचं तेवढं राहिलंय." चाकाचं कारण सांगताना तिचा आवाज दर वेळी थोडा खाली यायचा. शेवटच्या फोननंतर ती सरांसमोर येऊन बसली.

"बाबा, सोमवारी मी तिथे हजर नसले तर मॅडम दुसऱ्या मुलीला घेणार आहेत. त्या रागावल्या नाहीत. नुसतं सांगितलं."

"सोमवारी जाशील की. मी कुठे नाही म्हणतोय?"

त्या आठवड्यात मामा आला. चपला काढता काढताच सुरू झाला. "भाऊजी, तुम्ही काय रणगाडा बांधताय की काय? पोरीला कामावर जायचंय, लढाईवर नाही."

"तुम्ही इंजिन आणून दिलंत, उपकार झाले. पडली तर उचलायला तुम्ही असणार का?"

"आणि गेलीच नाही तर?"

 सर तारा आवळायचा पाना फडक्याने पुसत राहिले. बायको गेल्यापासून त्या घरात दोघंच होती. संध्याकाळी दिवा लावणारं, औषधाची आठवण करणारं, समोर बसून दोन शब्द बोलणारं माणूस एकच. भीती कशाची होती, रस्त्याची की रिकाम्या घराची? मला वाटतं, त्यांनाही ती वेगळी काढून पाहता आली नसती. माझ्या तारा मात्र एकेक वेगळी काढून पाहायचे.

तरीही गाडी उभी राहिली. शनिवारी अंगणात इंजिन धडधडलं. मुलीने एक फेरी मारली आणि परत आली तेव्हा तिचे केस विस्कटले होते आणि चेहरा असा काही झाला होता, की शेजारची काकू गॅलरीतून ओरडली, "अगं, आता थांबूच नकोस, तशीच जा!"

रविवारी दुपारी ती मामाकडे हेल्मेट आणायला गेली. सर माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी मला फिरवलं. फिरताना चाक डुलायला लागलं की त्याला आउट म्हणतात. मी आउट होतो का? असेन, कागदाच्या जाडीइतका. डुलत नसलेलं चाक जगात नाही. सरांनी मला पुन्हा एकदा फिरवलं. मग त्यांनी पाना उचलला आणि पहिली तार सैल केली. मला वाटलं, थोडी ढिली करून पुन्हा आवळतील. त्यांनी ती काढून कागदावर ठेवली. मग पुढची. हात थांबत नव्हते.

मुलगी परतली तेव्हा वर्तमानपत्रावर माझ्या तारांच्या जुड्या होत्या. हब एका बाजूला, मी नुसतं कडं होऊन भिंतीला टेकलेलो.

"जरा आउट होतं," सर तिच्याकडे न पाहता म्हणाले. "चार दिवसांत बसवतो. अगदी पक्कं."

ती हेल्मेट हातात घेऊन उभी होती. ती रडेल, ओरडेल, मामाला बोलावेल, मेस्त्रीकडून भलतंच चाक आणून लावेल, असं मला वाटत होतं. ओरड, असं मी मनातल्या मनात म्हणतही होतो. तिने हेल्मेट कपाटावर ठेवलं.

"चहा टाकू का बाबा?" ती म्हणाली.

त्यानंतर सरांनी मला सावकाश, सुरेख बांधलं. इतकं सरळ चाक त्या गावात दुसरं नसेल. पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवत, "चाक बघा." पाहुणे बघत. पुढे गाडीवर चादर पडली, चादरीवर ओले टॉवेल वाळू लागले. मुलगी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात उभी राहू लागली. दुपारी घरी यायची, सरांना वाढायची, पुन्हा जायची. माझ्याकडे पाहत नसे. लादी पुसताना माझ्याखालून फडकं फिरवायची, तेवढंच.

सर गेले. तोवर तिच्या केसांत पांढरं आलं होतं. तिने गाडी एका पाण्याचे जार पोचवणाऱ्याला देऊन टाकली. तो म्हणाला, "काय चाक आहे ताई!" ती म्हणाली, "हो. मजबूत आहे," आणि दार लावून घेतलं.

आता मी रोज धावतो. जार वाहतो, चिखलाने माखतो. इतकी वर्षं टांगून ठेवलेलं बळ असं खर्च होताना बरं वाटायला हवं. वाटत नाही. चाक निवडताना माणसं ते किती ओझं पेलेल हे बघतात. घरात त्याच्यामागे काय लपवलं जाईल ते कोणी बघत नाही.

मध्यंतरी जारवाल्याला त्या कार्यशाळेची मागणी आली. टेकडीच्या वळणावर मी तारा घट्ट धरून उताराची वाट पाहत होतो. उतार आला तो इतका सौम्य, की जारवाल्याने ब्रेकला बोटही लावलं नाही. रस्ता रुंद, गुळगुळीत. बारीक तारांच्या साध्या चाकांवरून मुली आम्हाला मागे टाकून गेल्या.

फाटकाशी जार उतरवताना त्याने रखवालदाराला विचारलं, "रस्ता झकास केलाय. नवीन का?"

"नवीन कुठला?" रखवालदार म्हणाला. "कार्यशाळा उभी राहिली त्याच्याही आधीपासून हा असाच आहे."