गप्प बसलात म्हणजे मान्य

बल्गेरियातल्या विदीन शहरात एका सिमेंटच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर त्स्वेताना एकटी राहायची. नवरा गेल्यावर तिने गळ्यात मदतीचं बटण अडकवलं. दाबलं की ते पुरवणाऱ्या कंपनीच्या केंद्रातलं माणूस त्यातून बोलायचं आणि अँब्युलन्स येईपर्यंत बोलत राहायचं. करारात तसं स्वच्छ लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या स्तामेनलाही तिनेच ते घ्यायला लावलं.

महिन्यातून एकदा ती बटण दाबून बघायची. या खेपेला माणसाऐवजी यंत्र बोललं, "आपला निरोप नोंदवला आहे. चोवीस तासांत संपर्क करू."

तिने कंपनीला फोन लावला.

"आजी, अटी बदलल्यात. ॲपवर कळवलं होतं की," तिथली मुलगी म्हणाली.

"माझा फोन साधा. त्यात कुठलं आलंय ॲप?"

"तीस दिवसांत तुम्ही नाही म्हणाला नाहीत. गप्प बसलात म्हणजे मान्य, असं धरतो आम्ही."

"जे कानावरच आलं नाही, त्याला नाही कशी म्हणू गं? आणि मी पडले असते तर?"

"निरोप नोंदवला गेला असता."

त्स्वेतानाने फोन ठेवला. स्तामेन काल संध्याकाळी नेहमीसारखा इमारतीखालच्या बाकावर आला नव्हता.

ती कठड्याला धरून तीन मजले उतरली. दार ठोठावलं, हाका मारल्या. मग त्याने तिच्याकडे ठेवलेली किल्ली लावली. तो स्वयंपाकघरात फरशीवर पडला होता, ओठ पांढरे, पाय वाकडा.

"कंपनीकडून आलात?" त्याने डोळे न उघडताच विचारलं. "कालपासून दाबतोय. नोंदवलंय म्हणतात."

तिने बोलावलेली अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. त्स्वेताना मात्र घरी गेली नाही. तिने एकेक दार वाजवलं. नऊ घरांत बटणं निघाली. बदलाचा पत्ता एकालाही नव्हता. बटण असलेलं दहावं दार उघडलं नाही. तिथली म्हातारी योर्दांका चार दिवस कुणाला दिसली नव्हती. पोलिसांनी कुलूप तोडलं, तेव्हा आधी वास बाहेर आला.

त्स्वेताना जुना करार घेऊन ग्राहक आयोगात गेली. तिथल्या बाईंनी तो दोनदा वाचला. "संमतीशिवाय हे बदलताच येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या शहरात अशी बटणं किती असतील?"

त्स्वेतानाला फक्त आपल्या इमारतीतली ठाऊक होती.

आयोगाच्या हुकुमाने सात आठवड्यांनी जुनी अट परत लागू झाली. तोवर शहरातल्या प्रत्येक बटणातून यंत्रच बोलत होतं.