ठेवा फोन, मी करतो

मी एक जुना टेलिफोन आहे. भिंतीतून आलेल्या तारेला बांधलेला, मोठ्या बटणांचा. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता पिवळा पडलोय, पण आवाज अजून खणखणीत आहे.

मित्रांनो, मी एका चष्मेवाल्याच्या घरी आलो. दुकान खाली, घर वर आणि मी जिन्याजवळच्या तिवईवर. काच घासता घासता ते मला उचलायला येत, म्हणून माझ्या रिसीव्हरवर कायम बारीक पांढरी भुकटी असे. मी ती मिरवत असे.

त्यांची एक रीत होती. कोणी "मी बँकेतून बोलतोय," म्हणालं, की ते शांतपणे सांगत, "ठेवा फोन, मी करतो." मग स्वतःला ठाऊक असलेल्या नंबरावर विचारत. बहुतेकदा बँकेत तसा कोणी साहेबच नसे. बायको म्हणायची, "यम आला तरी त्याला म्हणाल, ठेवा फोन, मी करतो."

पुढे कॉम्प्युटर आला, खिशाखिशात मोबाइल आले. माझ्यावर धूळ बसू लागली. तरीही बहिणीला ईमेलने फोटो पाठवायचे असले, की ते आधी मला उचलत. "पाठवतोय गं. बघ."

यमाने फोन केलाच नाही. तो सरळ आला.

काही आठवड्यांनी मुलगी घर आवरायला आली. माझी तार काढायचं ठरलं होतं. ती तारेपाशी वाकली आणि मी वाजलो. पलीकडे आत्या होती. दादाच्या नावाने तिला ईमेल आला होता: आपले जुने फोटो, उघडून बघ.

"उघडू का गं?" आत्याने विचारलं. "दादा नाही, हे कळतं मला. पण त्यानेच कधी पाठवायला ठेवले असतील तर?"

ते फोटो मुलीलाही हवेच होते.

"नको उघडूस, आत्या. बाबांनी आधी फोन केला असता."

"म्हणून तर मी केला," आत्या म्हणाली.

पुढे कळलं, की बाबांचं ईमेल खातं कुणीतरी चोरलं होतं. त्या फायलीत फोटो नव्हते, कॉम्प्युटरचा किडा होता, व्हायरसचाच भाऊ. फाइल उघडली असती, तर तो आत्याकडचे दादाने पाठवलेले खरे फोटो नासवून, तिच्याच नावाने पुढच्या घरी शिरला असता.

मग मुलीने माझ्यावरूनच बाबांच्या एकेका मित्राला गाठून सावध केलं. इतका मी तरुणपणीही बोललो नव्हतो. रिसीव्हर ठेवला तेव्हा माझ्या खाचांतली पांढरी भुकटी तिच्या बोटांना लागली होती. तिने ती पुसली नाही. तारेलाही हात लावला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा टेलिफोन नसेल. रीत मात्र जपा. नाव कुणालाही लावता येतं. ओळखीच्या नावाने काही आलं, तर उघडण्याआधी त्या माणसाला आपणहून फोन करा. त्याचा आवाज ऐका. ऐकायला मिळतोय तोवर.