लालासाबची सर्व्हिस मोटार

मी मोटार बोलतेय. लालासाबची मोटार म्हणायचे मला. आता तसं कुणी म्हणत नाही.

अमेरिकेत घडले, जहाजानं मुंबईला उतरले, तिथून आगगाडीनं कोल्हापुरास आले. महाराजांच्या राज्यात तेव्हा मोटारी मोजक्याच. एका इनामदारांनी मला शिकारीसाठी घेतलं. चढावर, ओढ्यात, उन्हात दामटलं आणि पाणी घालायचं विसरले. एकदा इतकी तापले, की इंजिनाचं वरचं डोकं वाकलं. मग त्यांना माझा कंटाळा आला.

लालासाब कागलचा टांगेवाला. टांगा आणि घोडी विकून त्यानं मला घेतलं आणि कागल-कोल्हापूर सर्व्हिस सुरू केली. लोक चपला काढून आत बसायचे. उतरल्यावर घोड्याच्या पाठीवर मारावी तशी माझ्यावर थाप मारायचे, अन् हात भाजला की मलाच शिव्या द्यायचे.

इंजिनाच्या डोक्याखाली तांब्याच्या पत्र्याचं पॅकिंग असतं. ते जळलं की पाणी आत शिरतं, पांढरी वाफ निघते आणि मी थांबते. माझं पॅकिंग जळलं. नवं घातलं, तेही जळलं.

कोल्हापूरचा इमाम मिस्त्री म्हणाला, "लाला, डोकं वाकलंय. किती पॅकिंगं घातलीस तरी जळणारच. डोकंच बदल."

"मिळंल कुठं?"

"लढाई चाललीया. जहाजं कुठं येत्यात?"

"मग तवर पॅकिंगच घाल की."

पॅकिंग मुंबईहून यायचं. लालासाबच्या बायकोच्या, सुगराच्या पाटल्या त्यात गेल्या. मग म्हैस गेली.

सुगराचे दिवस भरले होते. कळा सुरू झाल्या आणि सुईण म्हणाली, पोर आडवं हाय, कोल्हापूरच्या दवाखान्यात न्या. शेजारचा जोतीराम बैलगाडी जुंपून दारात आला.

"लाला, वैनीला गाडीत घाल."

"बैलं सांजच्याला पोचतील. मोटार तासाभरात पोचवती."

"आन् न्हाय पोचली तर?"

"कालच नवं पॅकिंग घातलंय."

"चला की आता, कशातबी," सुगरा म्हणाली.

उजळाईवाडीच्या चढावर वाफ निघाली. लालासाबनं पाण्याचं झाकण उघडलं, हात पोळले. तशाच हातांनी तो हँडल मारत राहिला.

"ऱ्हाऊ द्या आता," मागच्या सीटवरून सुगरा म्हणाली. तो थांबला नाही.

भरवसा नव्हता म्हणून जोतीराम मागून गाडी हाकत येतच होता. पण त्याला यायला वेळ लागला. दोघांनी सुगराला उचलून बैलगाडीत घातलं. मी रस्त्यातच राहिले.

सुगरा वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती. दुसऱ्या दिवशी जोतीरामच्या बैलांनी मला ओढत कागलला आणलं, तेव्हा हे कानावर पडलं. मला काय वाटलं, सांगता येत नाही. इंजिन गार होतं, एवढं आठवतं.

थोड्या दिवसांनी लालासाब पिशवी घेऊन मुंबईला निघाला. सुगरा दारात उभी होती.

"पॅकिंग आनू नगासा."

"एकदाच, सुगरा."

"आना. मग मी हितं ऱ्हात न्हाय."

तो ओट्यावर बसला. बऱ्याच वेळानं त्यानं पिशवी खाली ठेवली.

आता तो दुसऱ्याचा टांगा हाकतो. मी परसात उभी आहे. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. सुगरा ती काढून नेते, माझ्याकडं न बघता. कधी कुणी पावणे येतात, झाकण उघडून बघतात आणि म्हणतात, "चालंल की ही! एक पॅकिंग घातलं की झालं."

लालासाब ऐकतो. मग झाकण परत लावतो.

तुम्ही कधी आलात तर माझे दिवे न्या, चाकं न्या, पत्रा न्या. मला चालू तेवढं करू नका.