कार्कोल्यला फ्रेंच शब्द नाही

१९११ सालच्या जूनमधल्या दुसऱ्या मंगळवारी शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर ऑब्रे आमच्या शाळेत आले. शाळा संपवल्याच्या दाखल्याच्या परीक्षेला गावातली कोणती मुलं बसवायची ती यादी त्यांना मंजूर करायची होती. कास्तें मास्तरांनी तीन नावं काढली होती. तिसरं मायलीस लाबोर्दचं.

मायलीस तेरा वर्षांची होती. तिची आई एस्तेबेन दोराच्या तळव्यांच्या चपला शिवायची. दाक्सच्या तारघरात ऑक्टोबरपासून एक मुलगी घेणार होते, पण दाखला असेल तरच. दाखला नसेल तर चपलांच्या कारखान्यात आईच्या शेजारी बसायचं, हे दोघींमध्ये ठरलेलं होतं. त्यावर पुन्हा बोलायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती.

इन्स्पेक्टरांनी तिघांच्या निबंधाच्या वह्या मागवल्या. मायलीसच्या वहीत ते चौथ्या ओळीवर थांबले.

"'आमच्या गावाखालच्या गुहेत कार्कोल्य राहतो.' हा शब्द फ्रेंच नाही."

"नाही, साहेब."

"मग फ्रेंच शब्द लिही."

"फ्रेंचमध्ये त्याला शब्द नाही, साहेब."

ऑब्रे मूळचे उत्तरेकडच्या तूर शहरातले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आमच्याच गावातले, गिरणीवाल्याचा मुलगा. शाळेत गॅस्कन, म्हणजे आमची गावची बोली, बोलणाऱ्याच्या गळ्यात ते शिक्षा म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवायचे, आणि अकरा वर्षांत वर्गात त्यांच्या तोंडून एकही गॅस्कन शब्द कोणी ऐकला नव्हता.

"स्थानिक बोलीत कार्कोल्य म्हणजे गोगलगाय, साहेब," मास्तर म्हणाले.

"नदीपलीकडे असेल," मायलीस म्हणाली. "आपल्याकडे गोगलगायीला लिमाक म्हणतात. मास्तर, परवा तुमच्या कोबीवर चढल्या तेव्हा तुम्हीच ओरडत होतात की."

वर्ग हसला. मास्तरांनी ठोकळा आणून तिच्या गळ्यात अडकवला. तिने मान पुढे केली, पण नजर इन्स्पेक्टरांवरून काढली नाही.

ऑब्रेंनी निळ्या पेन्सिलने शब्द खोडला आणि वर 'गोगलगाय' लिहिलं. "ही ओळ अशी उतरवून काढ. मी यादीवर सही करतो."

"गोगलगाय कोबी खाते, साहेब. ह्याने माझ्या चुलत आजोबांचा बैल नेला. जुवासकट."

"कोणी पाहिलं?"

"बैलाने."

पुन्हा हसू झालं. ऑब्रे मात्र चिडले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, वही बगलेत घेतली आणि म्हणाले, "चला. ही गोष्ट आज संपवू."

अकरा वाजता आम्ही चौदा मुलं, मास्तर आणि इन्स्पेक्टर टेकडीच्या पायवाटेने उतरलो. गुहेच्या तोंडापासून तीस पावलांवर जमिनीवर चुन्याची रेघ आहे. दर ईस्टरनंतर गाव ती नव्याने ओढतं. रेघेच्या आत गवत उगवत नाही. दगडांवर वाळलेल्या चिकाची साय असते, ती उन्हात चमकते.

आमच्या गावात जोडे लाकडाचे असतात आणि ते पायात सैल घालायचे असतात. आई मुलाला आधी चालायला शिकवते आणि लगेच जोड्यांतून बाहेर उडी मारायला. कार्कोल्य स्वतः गुहेतून सहसा निघत नाही. त्याच्या जिभा निघतात, लांब आणि केसाळ, आणि त्या दगडांवर दगडांच्याच रंगाने पडून असतात. ज्याला चिकटल्या ते जातं. म्हणून त्याचं नाव ऐकलं की पळायचं नाही. आधी जोडे सोडायचे, मग पळायचं. जोडे जातात, माणूस राहतो.

इन्स्पेक्टरांचे बूट घोट्याच्या वरपर्यंत नाडीने आवळलेले होते.

ते रेघ ओलांडून आत गेले. दहा पावलं, पंधरा पावलं. काठीने एक दगड उलथला. "ही चुनखडी," ते मोठ्याने म्हणाले. "आणि हे ओलसर आहे कारण वरून पाणी झिरपतं. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं. तेवढ्यात त्यांच्या उजवीकडचा दगडांचा एक पट्टा हलला.

मायलीसने तो सगळ्यांच्या आधी पाहिला. गळ्यात ठोकळा होता, शेजारी मास्तर होते. ती शुद्ध फ्रेंचमध्ये म्हणाली, "साहेब, कृपया मागे या. गोगलगाय येत आहे."

ऑब्रे हसले. "येऊ दे. शिजवायला लोणी आणि लसूण आणलं आहेस का?"

"साहेब, गोगलगाय आपल्या उजव्या पायाजवळ आहे."

"मग मी सावकाश चालेन. नाहीतर ती मागे पडेल."

मायलीसने ठोकळा गळ्यातून काढला आणि ओरडली, "कार्कोल्य."

चौदा मुलं एका झटक्यात जोड्यांतून बाहेर होती. मास्तरही. ते चामड्याचे शहरी बूट घालायचे आणि नाड्या कधीच बांधायचे नाहीत. आम्हाला तो गबाळेपणा वाटायचा. आता ते चिखलात अनवाणी उभे होते आणि त्यांचे बूट दोन हात मागे पडले होते.

इन्स्पेक्टर मात्र बुटांत होते. जीभ उजव्या टाचेला लागली आणि ते आडवे झाले. ओढ जोरात नव्हती, सावकाश होती. त्यांनी काठी दगडांत रोवली, ती मोडली. मायलीस रेघ ओलांडून धावली, त्यांच्या पायावर पालथी पडली आणि तिने एप्रनच्या खिशातून दोर कापायची सुरी काढून वरपासून खालपर्यंत नाड्या कापल्या. बूट गेला. मास्तरांनी दोघांना बगलेतून धरून रेघेबाहेर आणलं. आतून दगडावर ओलं पोतं फिरवल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

साडेबाराला सगळे पुन्हा वर्गात होते. ऑब्रेंच्या पायात एकच बूट होता. मास्तर अनवाणीच होते. इन्स्पेक्टरांनी एक कागद लिहून मायलीसपुढे ठेवला.

"ओल्या चुनखडीवर पाय घसरून माझा बूट हरवला, असं यात आहे. साक्षीदार म्हणून सही कर. निबंधातली ओळ दुरुस्त कर. यादीत तुझं नाव राहील."

तिने वाचलं. "पाय घसरला नव्हता, साहेब."

"मुली, मी तुझे उपकार मानतो. खरंच मानतो. पण खात्याच्या कागदावर मी तो शब्द लिहू शकत नाही."

"मग गोगलगाय लिहा."

ऑब्रेंनी कागद तिच्याकडे आणखी सरकवला.

"लिहा की. गोगलगाय आली, म्हणून मी एका बुटात पळालो. मी लगेच सही करते."

"मायलीस," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "तारघराचा विचार कर. आईला काय सांगशील?"

"नाही म्हटलं, असं सांगेन."

ऑब्रेंनी यादी पुढे ओढली आणि तिसरं नाव खोडलं. एकच रेघ, पट्टीने मारल्यासारखी. मग ते टीपकागद शोधू लागले.

मास्तरांनी त्यांच्या पुढ्यातून यादी उचलली. खोडलेल्या नावाखाली पुन्हा लिहिलं, मायलीस लाबोर्द. यादी परत ठेवली.

"कास्तें, हे काय?"

"शाळेची शिफारस, साहेब."

ऑब्रेंनी तेही खोडलं. मास्तरांनी लेखणी शाईत बुडवली, निब दौतीच्या काठाला निथळून घेतलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. ह्या वेळी अक्षर मोठं होतं.

"तुमची बदली होईल. डोंगरातल्या कुठल्यातरी शाळेत."

मास्तर गॅस्कनमध्ये म्हणाले, "होऊ द्या. जाताना जोडे सैलच घालीन."

मास्तरांच्या तोंडून आम्ही वर्गात आमची भाषा पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि त्यांचे हेल अगदी गिरणीवरच्यांसारखे होते.

"काय म्हणाले हे?" ऑब्रेंनी मायलीसला विचारलं.

"तुम्ही पुन्हा खोडलं तर ते पुन्हा लिहितील, म्हणाले."

तसं ते म्हणाले नव्हते. पण मास्तरांनी दुरुस्ती केली नाही. ते लेखणी हातात धरून उभे राहिले. यादीत आता एकाच ओळीची जागा उरली होती. इन्स्पेक्टरांनी त्या जागेकडे पाहिलं, मास्तरांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि त्या ओळीवर सही केली. नाव खोडलं नाही, मंजूर असंही लिहिलं नाही. कोणाचे तरी लाकडी जोडे घालून, गाडीरस्त्याने लांबचा वळसा घेऊन ते गेले.

मास्तरांची बदली सप्टेंबरात झाली.

परीक्षा जुलैच्या पहिल्या शनिवारी तालुक्याला होती. दारातल्या कारकुनाने यादी खिडकीच्या उजेडात धरली, पुन्हा पुन्हा पाहिली. "लाबोर्द, मायलीस. दोनदा खोडलंय, तीनदा लिहिलंय. ह्याचा अर्थ काय घ्यायचा?"

"शेवटचं धरा," ती म्हणाली, आणि तो सरकायच्या आधीच आत जाऊन बसली.