इतर काही आढळले नाही

त्या काळी बदलापूरच्या चौकीत बाई पोलीस नव्हती. एखाद्या बाईला गुन्ह्यात धरलं की हवालदार गावातल्या घरंदाज बाईला बोलावून आणी. ती आडोशाला अंगझडती घेई, बाहेर येऊन सांगे, हवालदार ते पंचनाम्यात लिही आणि ती खाली सही करी. शेजारच्या कुळगावात सही करता येणाऱ्या घरंदाज बाया मोजून चार. त्यांतल्या दोघींच्या सासवा खमक्या होत्या, तिसरी बाळंतीण. म्हणून चोपन्न सालच्या उन्हाळ्यात हवालदार चिंतामणी कुमुदिनीच्या दारात येऊन उभा राहिला.

कात्रपच्या अंजनीने आठ महिन्यांचं पोर पोटाशी बांधून विहिरीत उडी घेतली होती. लोकांनी दोघांना वर काढलं. पोर गेलं, ती वाचली, आणि वाचली म्हणून खुनाची आरोपी झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिच्या पोटातलं पाणी काढलं. परक्या बाईची पाठ बघायची त्याला गरज वाटली नाही.

चौकीत घोंगडीच्या आडोशाला कुमुदिनीने तिची चोळी सोडली आणि तिचा हात थबकला. पाठभर गुरांच्या दाव्याचे वळ होते, काही वाळलेले, काही अजून ओले.

"कोणी गं?" तिने हळूच विचारलं.

"घरच्यांनी," अंजनी म्हणाली. मग मान वळवून तिने कुमुदिनीकडे पाहिलं. "तुमी बघितलाव ना, बाय? मंग झालं."

एवढं बोलून तिने सुटकेचा श्वास टाकला.

"काय मिळालं, वहिनी?" बाहेर चिंतामणीने टाक दौतीत बुडवला.

"काळी पोत. दोन कासाराच्या बांगड्या. कनवटीला सुपारीचं खांड. आणि पाठीवर वळ आहेत, खूप."

"वळ म्हणजे वस्तू नव्हे, वहिनी. जप्त काय करणार? झडतीत हाताला लागलं तेवढंच लिहायचं असतं."

माणूस वाईट नव्हता. वर्षानुवर्षं तो असंच लिहीत आला होता. त्याने लिहिलं, 'इतर काही आढळले नाही.' कुमुदिनीने खाली सही केली. तिचं अक्षर चांगलं होतं. ते त्या दिवशीही चांगलंच आलं.

घरी तिचे यजमान शरदचंद्र वाट बघत बसले होते. ते अंबरनाथला कारखान्यात अधिकारी होते. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी रद्दीवाल्याकडून त्यांनी गुन्हेगार बायकांवरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणला होता आणि तेव्हापासून घरी येणारी भांडेवालीसुद्धा त्यांच्या तपासणीतून सुटत नव्हती.

"रडली का गं ती?"

"नाही."

"बघ!" त्यांनी पुस्तकावर थाप मारली. "अशा बायका जन्मतःच तशा असतात. त्यांना माया कमी, आणि दुखतंही कमी."

"अहो, पण तिची पाठ फोडून काढलीय."

"तशी असेल म्हणूनच मार खाल्ला असेल. वाढ."

तिने वाढलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते ऐकून बरं वाटलं. अंजनी जन्मतःच तशी असेल, तर तिच्या सहीने कुणाचं काही बिघडत नव्हतं. ते बरं वाटणंच पुढे तिला सर्वांत जास्त खाऊ लागलं.

ठाण्याच्या कोर्टात ती पंच म्हणून साक्षीला उभी राहिली तेव्हा सरकारी वकिलाने तिला विचारलं, "आरोपी रडत होती का?" ती नाही म्हणाली. मग अंजनीला सरकारकडून मिळालेला वकील उठला.

"आरोपीच्या पाठीवर मारहाणीच्या खुणा होत्या, आणि त्या तुम्ही पाहिल्या, असं ती म्हणते. खरं आहे?"

कोर्ट पुरुषांनी गच्च भरलं होतं. अंजनीचा नवरा रघु हातात टोपी चुरगाळत होता. मागच्या बाकावर शरदचंद्र कडक इस्त्रीच्या कोटात बसले होते. एवढ्या सगळ्यांपुढे एका बाईच्या उघड्या पाठीचं वर्णन करायचं, आणि आपल्याच सहीला खोटं पाडायचं? पिंजऱ्यातून अंजनी तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होती. शाळेत पाठांतराला उभ्या राहिलेल्या पोरीला आई धीर देते, तशी.

"पंचनाम्यात आहे तेवढंच," कुमुदिनी म्हणाली.

अंजनीची मान हलायची थांबली.

छळाचा पुरावा नाही, असं न्यायाधीशांनी निकालात म्हटलं. जन्मठेप झाली.

कुमुदिनीला घास गोड लागेना. तीन महिन्यांनी, कल्याणला माहेरी जाते असं सांगून ती ठाण्याला अंजनीच्या वकिलाकडे गेली. त्याने दयेच्या अर्जासोबत जोडायचं, 'आरोपीच्या पाठीवर मी वळ पाहिले' असं एक निवेदन तिच्यापुढे ठेवलं. "शपथेवर बोललेलं फिरवताय, हे तुमच्यावरही शेकू शकतं. आणि उपयोग होईलच असं नाही. घरी साहेबांना विचारलंत का?"

"विचारून सांगते," असं म्हणून तिने कागद पिशवीत घातला. विचारणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं.

तिथून ती तुरुंगात गेली. अंजनीला येरवड्याला हलवणार होते. गजांपलीकडे ती वाळून गेली होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर कुमुदिनीला सोपं गेलं असतं.

"बाय, एक इचारू?" अंजनी म्हणाली. "माज्या पाठीवर खरंच काय व्हतं का? कोर्टात तुमी नाय म्हनलाव. तुमच्यासारखी बाय खोटं कशाला बोलंल? मंग मलाच भास झाला असंल. आता हात लावून बघाया गेलं, तर पोचत नाय."

कुमुदिनीने गज घट्ट धरले.

"होते," ती म्हणाली. "अकरा वळ होते. मी मोजले होते."

"अकरा," अंजनी म्हणाली. "मंग मी येडी नाय." आणि ती रडायला लागली, मोठ्याने, तोंड न झाकता. विहिरीतून काढल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

कुमुदिनीने पिशवीतून कागद काढला आणि पहारेकरणीकडे लेखणी मागितली. भिंतीला कागद टेकवून तिने 'वळ' या शब्दाआधी 'अकरा' लिहिलं आणि खाली सही केली. या वेळी अक्षर नीट आलं नाही.