काळ्याची लेक

उद्या पाहुणे येणार होते आणि जाऊबाईंनी सुरीला धार लावून ठेवली होती. कोंबडाही ठरलेला: आमचा काळा. पिसं काळी, तुरा काळा, कातडीसुद्धा तव्याच्या बुडासारखी. माझी मोठी बहीण गेली, त्याच्या महिनाभर आधी तिने तो माझ्या हातात दिला होता. त्याच्या लेकी गेल्या साथीत एकामागून एक मेल्या. तिच्याकडचं जिवंत असं माझ्याजवळ आता तेवढंच उरलं होतं.

"म्हातारा झालाय तो," जाऊबाई म्हणाल्या. "अंड्यांत जीव धरतो तो शेजारच्या पांढऱ्या कोंबड्यामुळे. रोज भिंतीवरून उडी मारून येतो. जावयासारखा खातो आणि जातो."

खुडूक कोंबडीखाली आमच्या पांढऱ्या कोंबड्यांची नऊ अंडी होती. आज एकविसावा दिवस. ठरलं असं, की एक जरी पिल्लू काळ्याचं निघालं तर सुरी परत ड्रॉवरमध्ये.

"पण पिसं बघायची नाहीत," मी आधीच सांगितलं. "आई पांढरी असली की पिसं पांढरीच येतात. कातडी बघायची."

"कातडी तर कातडी. पण दिसली पाहिजे."

एक गोष्ट मात्र मी गिळली. मागच्या खेपेला काळ्याची पिल्लं मोठी होईपर्यंत मी बघितली होती आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. काळ्या कातडीची निघाली त्या सगळ्या कोंबड्या झाल्या. मुलगे झाडून सारे आईवर गेलेले, गोरेपान. म्हणजे मला नुसतं पिल्लू पुरणार नव्हतं. लेकच हवी होती.

दहापर्यंत पाच निघाली. लव पिवळी, पाय पिवळे. पोटावर फुंकर मारून बघितलं तर खाली गुलाबी.

"हे मुलगे असतील," शेवटी मी बोललेच. "त्याचे मुलगे आईवर जातात."

"हे बरंय. काळं निघालं तर त्याचं, गोरं निघालं तरी त्याचं. तू वकील व्हायला हवी होतीस."

तीन अंडी कानाशी धरून हलवली तर आत पाणी खळखळलं. राहिलं एक. त्याला बारीक भोक पडलं होतं आणि तासभर पुढे काही नाही.

जाऊबाईंनी काळ्याला धरलं, पाय सुतळीने बांधले आणि मागच्या दाराशी आडवा टाकला. तो मान वळवून माझ्याकडे बघत राहिला.

नवरा डोकावला. "मुलगी व्हावी म्हणून देव पाण्यात घातलेले आपल्या घरात पहिल्यांदाच बघतोय." मी मान वर केली, तसा गेला.

"फोड की ते," जाऊबाई म्हणाल्या.

"आतल्या शिरा सुकलेल्या नसतात. फोडलं तर रक्त जाऊन मरेल."

"मग बारापर्यंत थांबते. मसाला लावून मुरायला ठेवायचंय मला."

भोकातून चोचीचं टोक दिसत होतं. पण टोक सगळ्यांचंच पांढरं असतं. त्यावरून काय ओळखणार? मी हात मांडीखाली दाबून बसले, नाहीतर ते अंड्याकडे गेले असते.

बारा वाजले. सुरी जाऊबाईंच्या हातात होती, पण त्या उठल्या नाहीत. "पाच मिनिटं," म्हणाल्या आणि माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. भोकाच्या बाजूने एक चीर निघाली, थांबली, पुन्हा सरकली. मग टोपण उघडावं तसं कवच उचललं गेलं आणि एक ओला पाय बाहेर आला.

पेन्सिलीच्या शिशासारखा.

जाऊबाईंनी जिभेला बोट लावलं आणि पाय घासला. काळं निघेना. पुन्हा घासला. मग पिल्लाला तळहातावर घेऊन लव सुकेपर्यंत धरून बसल्या. वरून पिवळं, पांढऱ्या आयांसारखंच. फुंकर मारली तर खाली निळंकाळं.

"बापावर गेलीय," त्या हळूच म्हणाल्या आणि पिल्लू माझ्या ओंजळीत सोडलं.

सुतळीची गाठ घट्ट बसली होती. ती त्यांनी त्याच सुरीने कापली. काळा उठला, पायाला मुंग्या आलेल्या असाव्यात, पडला, पुन्हा उठला आणि काही झालंच नाही अशा थाटात दाणे टिपायला गेला.

जाऊबाई भिंतीपलीकडे बघत होत्या.

"शेजारणीला विचारून ये," म्हणाल्या. "तिचा पांढरा देते का. नाहीतरी रोज आपलंच खातो."